'मातांचा सन्मान करणारा देश': रोमानियाबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक फॉरवर्ड पाठवला. तिच्या सासरच्या ग्रुपवर चुलत सासऱ्यांनी टाकलेला. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली आहेत आणि मूल इतक्यात नको असं त्या दोघांनी मिळून ठरवलंय, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मजकुराची शेवटची ओळ होती, "आजकालच्या मुलींनी हे जरूर वाचावे." खाली अंगठे आणि जोडलेले हात. तिने मला एवढंच विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?"

तिला फोनवर सांगायचं ते सांगितलं. पण नंतर तोच मजकूर आमच्या निवृत्त सिस्टर्सच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर. ज्यांनी जन्मभर प्रसूतिकक्षात काम केलं त्यांनीही तो पुढे ढकलला, याचा मला फार राग आला. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा. 1965 ते 1989 या काळात निकोलाय चाउशेस्कूच्या समाजवादी राजवटीत रोमानिया हा आदर्श देश होता. कोणी बेकार नव्हतं, प्रत्येकाला घर होतं. अन्न शास्त्रशुद्ध मापाने आणि सगळ्यांना सारखं मिळे, त्यामुळे लोक निरोगी होते. टीव्ही दिवसाला फक्त दोन तास, म्हणून घरातली माणसं एकमेकांशी बोलत. देशाने परदेशी कर्जाचा शेवटचा डॉलरही फेडला. गर्भपात बंद करून मातृत्वाचा सन्मान केला, दहा मुलांच्या आईला पदक दिलं आणि एका वर्षात जन्म दुप्पट झाले. एवढ्या चांगल्या नेत्याला शेवटी पाश्चात्त्यांनी कट करून मारलं.

मातृत्वाचा मुद्दा आधी घेते. भाचीला हा मजकूर त्याचसाठी आला होता, आणि मी अनेक वर्षं सरकारी रुग्णालयात लेबर रूम सांभाळलेली असल्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

"एका वर्षात जन्म दुप्पट झाले" हे वाक्य खरं आहे. 1966 मध्ये रोमानियात सुमारे 2 लाख 74 हजार मुलं जन्मली, 1967 मध्ये सुमारे 5 लाख 28 हजार. मधल्या काळात, ऑक्टोबर 1966 मध्ये, हुकूमनामा क्रमांक 770 निघाला होता. त्याआधी 1957 पासून तिथे गर्भपात कायदेशीर होता, आणि दुसरं काही हाताशी नसल्यामुळे कुटुंब आटोक्यात ठेवायचा तोच मुख्य मार्ग होऊन बसला होता. 1965 मध्ये एका जन्मामागे जवळजवळ चार गर्भपात झाले. ही काही चांगली अवस्था नव्हती. बाईच्या तब्येतीचं त्यात नुकसानच होतं, आणि हे आकडे बघून कुठल्याही सरकारला घोर लागला असता, एवढं मला मान्य करावं लागतं. पण बायकांची काळजी असती तर त्यांनी गोळ्या, लूप आणि निरोध गावोगाव पोचवले असते. त्यांनी गर्भपात बंद केला आणि गर्भनिरोधकंही मिळेनाशी केली. कागदावर त्यांच्यावर बंदी नव्हती. ती आयात करायची नाहीत आणि देशात बनवायचीही नाहीत, म्हणजे बंदी वेगळी घालावी लागत नाही. वय 45 च्या पुढे, किंवा आधीची चार मुलं, किंवा जिवाला धोका, किंवा बलात्कार, अशा मोजक्या कारणांना सूट होती. पंचविशी उलटूनही मूल नसेल तर बाई असो की पुरुष, पगारातून जादा कर कापला जाई. घटस्फोटही त्याच सुमारास जवळपास अशक्य करून टाकला.

हुकूमनामा अचानक आला. तेव्हा ज्यांना दिवस गेलेले होते त्यांना दुसरी वाट शोधायला वेळच मिळाला नाही. 1967 चा दुप्पट आकडा तिथून आला. फॉरवर्ड लिहिणारा त्या वर्षापाशी थांबतो. पुढची वर्षं पाहिली असती तर त्याला दिसलं असतं की जन्मदर लगेच उतरायला लागला आणि 1983 मध्ये तो हजारी 14.3 वर आला, म्हणजे हुकूमनामा निघाला त्या वर्षी होता बरोबर तेवढाच. कायदा तसाच होता, पदकं वाटणं चालू होतं, दुकानात निरोध मिळत नव्हता. तरी मुलं पुन्हा कमी व्हायला लागली. कशी, ते प्रसूतिकक्षात काम केलेल्या कुणालाही विचारा.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा झाल्यावरसुद्धा आडगावातून चोरून गर्भ पाडलेल्या बायका आमच्याकडे यायच्या. सोबत बहुतेक सासू किंवा मोठी जाऊ. केसपेपरवर कारण लिहिलेलं असायचं, पाय घसरून पडली. अंगात ताप, ओठ पांढरे, नाडी बोटाला लागत नाही, पोट फळीसारखं कडक. कॅथेटर घातला तर पिशवीत चमचाभर काळपट लघवी, ती पाहिली की आम्हाला कळायचं की किडन्या थांबत चालल्यात. सोबतच्या बाईला बाहेर पाठवून, कानाशी वाकून विचारलं की मग ती सांगायची, "सिस्टर, काडी घातली." कुणी घातली ते सांगायची नाही. काही वाचायच्या. ज्या वाचायच्या त्यांतल्या कितीतरी जणींची गर्भपिशवी काढावी लागायची. जी गेली तिच्या घरी आधीची दोन-तीन पोरं असायची.

रोमानियात हेच तेवीस वर्षं, सरकारच्या धोरणामुळे, देशभर झालं. काडीच्या जागी रबराची नळी होती, पोटात सोडलेली नाना द्रावणं होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणा अर्धवट शिकलेल्या माणसाने केलेला उद्योग होता. बाई मरायला टेकली की तिला रुग्णालयात आणायचं, आणि तिथे सरकारी वकील किंवा मिलिशियाचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस आधी हजर. कोणी केलं त्याचं नाव सांग, मग उपचार. डॉक्टरांवरही डोळा होता. परवानगीवाचून हात लावला तर तुरुंग, म्हणून रक्त वाहत असलेली बाई ताटकळत पडून राही. मी स्वतः नर्स आहे. रक्तस्राव चालू असलेल्या बाईला बाजूला ठेवून जबाब घेणं म्हणजे काय असतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तिथली प्रत्येक मिनिट जिवाची असते.

1980 च्या दशकात हे आणखी कडक झालं. सूट मिळायला आता चारऐवजी पाच मुलं लागत होती. कारखान्यांमध्ये बायकांची ठरावीक काळाने स्त्रीरोग तपासणी सुरू केली. सांगायला ती कॅन्सरची तपासणी, खरा उद्देश कुणाला दिवस गेलेत ते हुडकून नोंदवून ठेवायचं. नोंद झालेलं मूल नऊ महिन्यांनी जन्मलं नाही तर चौकशी. ज्या बाईचा गर्भ आपोआप पडला तिलाही गुन्हेगारासारखं उत्तर द्यावं लागे. चुलत सासऱ्यांना माझा प्रश्न आहे: तुमच्या लेकीला तिच्या ऑफिसात रांगेत उभं करून टेबलावर झोपवलं आणि त्याचा अहवाल साहेबाकडे गेला, तर तुम्ही त्याला सन्मान म्हणाल का?

हे सगळं ऐकीव आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एकच संदर्भ देते, आणि तो पुरेसा आहे. 1992 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात रोमानियाच्या या बंदीच्या परिणामांवर लेख आला. त्यातले आकडे असे. 1989 मध्ये रोमानियात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 159 माता दगावत होत्या. युरोपातल्या कुठल्याही देशात तेव्हा एवढा मातामृत्यूदर नोंदलेला नव्हता. त्यांतले अंदाजे 87 टक्के मृत्यू बेकायदा, असुरक्षित गर्भपातामुळे झालेले. डिसेंबर 1989 मध्ये बंदी उठली. 1990 मध्ये हा दर 83 वर आला.

एका वर्षात 159 वरून 83. त्या वर्षात रोमानियात नवी रुग्णालयं उभी राहिली नाहीत, नवी औषधं आली नाहीत, देश श्रीमंत झाला नाही. उलट तिथे सगळी उलथापालथ चालू होती. बदलला तो एक कायदा. मातामृत्यू दोन-चार अंकांनी खाली आणायला आम्ही किती धावपळ करायचो, रक्ताची बाटली मिळवायला किती ओरडा करायचो, ते आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकीला आठवत असेल. एका सहीने मृत्यू निम्मे होतात याचा अर्थ ते मृत्यू आधीच्या सहीने घडवलेले होते. तेवीस वर्षांत मिळून सुमारे दहा हजार बायका अशा गेल्या असा अंदाज नेहमी दिला जातो. नोंदी लपवल्या गेल्यामुळे खरा आकडा याहून मोठा असू शकतो.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही. बंदी सगळ्यांना सारखी लागू नव्हती. पक्षातल्या वरच्या लोकांच्या बायकांना आणि ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना परदेशी गोळ्या मिळत, डॉक्टरही मिळत. मरत होत्या त्या कामगारांच्या बायका.

आता जन्मलेल्या मुलांचं पाहू, कारण फॉरवर्डमध्ये हसऱ्या गुटगुटीत मुलांचा फोटो आहे. आईबापांना पोसवेनात म्हणून राज्याच्या हवाली केलेली एक लाखाहून जास्त मुलं 1989 च्या शेवटी संस्थांमध्ये होती. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. तीन वर्षांची झाली की मुलांची वर्गवारी होई आणि ज्यांच्यात काही व्यंग दिसे त्यांना 'सुधारण्यापलीकडची' ठरवून वेगळ्या ठिकाणी पाठवत. हंगेरीच्या सीमेजवळच्या चिगिद इथल्या संस्थेची चित्रं 1990 मध्ये जगाने पाहिली. पिंजऱ्यासारख्या खाटांमध्ये, अंधाऱ्या थंड खोलीत, आपापली पुढेमागे डुलत बसलेली मुलं. कुणी उचलून घेतलं नाही की मूल असं डुलायला लागतं. स्वतःलाच जोजवत राहतं.

तिथल्या कुपोषित बाळांना टॉनिक म्हणून थोडं थोडं रक्त चढवायची पद्धत होती. सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात, रक्त तपासलं जात नसे. 1990 च्या अखेरीस एड्स झालेल्या मुलांची संख्या हजाराच्या पुढे होती, आणि देशातले जवळजवळ सगळे एड्सचे रुग्ण मुलंच होती. हे वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. कुपोषित बाळाला दूध लागतं, उब लागते, मांडी लागते. त्या देशात दूध नव्हतं आणि मांडी द्यायला माणूस नव्हतं, म्हणून सुई टोचली. पुढे 2000 पासून बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या 136 मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. काहींना पालक कुटुंबात ठेवलं, काही संस्थेतच राहिली. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली ती बरीच सावरली. उशिरा गेलेल्यांचं नुकसान पुरतं भरून आलं नाही. मूल जन्माला घालायला लावणं आणि मूल वाढवणं यांत किती अंतर आहे, ते रोमानियाने आपल्या मुलांवर प्रयोग करून जगाला दाखवलं.

पदकाचं म्हणाल तर, हो, दहा किंवा जास्त मुलं वाढवणाऱ्या आईला 'वीरमाता' हा किताब होता. पदक घेऊन ती बाई पुन्हा रेशनच्या रांगेतच उभी राहायची.

हा विषय आपल्याला परका नाही, म्हणून थोडं घराजवळचं. रोमानियाने 1966 मध्ये दार बंद केलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतात शांतिलाल शहा समितीने आपला अहवाल दिला. शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, म्हणून तो डॉक्टरच्या हातून, कायद्याने होऊ द्या, असं त्या समितीने सांगितलं आणि त्यातून 1971 चा कायदा आला. त्याच्याही आधी, 1921 मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी, खटले, बदनामी सगळं सोसलं. ही आपली परंपरा आहे, तिचा अभिमान बाळगावा. आणि आपणही दुसऱ्या टोकाला जाऊन आलो आहोत. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक 1976 मध्ये मंजूर करणारं विधिमंडळ महाराष्ट्राचं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आलं नाही. 'मूल होऊ देणार नाही' म्हणणारं सरकार आणि 'मूल झालंच पाहिजे' म्हणणारं सरकार, दोघांनी बाईच्या अंगावर सारखाच हक्क सांगितला. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं न्यायला येणाऱ्या गाड्यांना घाबरून शेतात लपलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांनी तरी हा फॉरवर्ड पुढे पाठवू नये.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

"प्रत्येकाला घर, कोणी बेकार नाही." यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. खेड्यांतून लाखो माणसं शहरात आली आणि त्यांच्यासाठी सरकारने इमारतींमागून इमारती बांधल्या. घरोघर वीज गेली, निरक्षरता जवळपास संपली. 1990 नंतर ती घरं राहणाऱ्यांना अगदी कमी किमतीत विकली गेली, म्हणून आज रोमानियात 90 टक्क्यांहून जास्त लोक स्वतःच्या घरात राहतात, आणि युरोपात या बाबतीत तो देश अगदी वरच्या रांगेत आहे. आज तिथल्या जनमत चाचण्यांत कितीतरी लोक त्या काळाबद्दल बरं बोलतात, त्यामागे ही घरं आणि नोकरीची खात्री आहे. ती आठवण खोटी नाही. पण त्याच घरांत 1980 च्या दशकातल्या हिवाळ्यात लोक कोट आणि टोपी घालून झोपत. रेडिएटर कोमट, वीज दिवसातून केव्हाही जाणार, गॅसची ज्योत इतकी बारीक की चहाला आधण यायला तास. बाहेर बर्फ. आणि बुखारेस्टच्या मध्यभागी 'जनतेचं भवन' नावाचा अवाढव्य प्रासाद बांधण्यासाठी उरानुस नावाची जुनी वस्ती पाडली, हजारो कुटुंबांना राहत्या घरातून काढलं. बेकारीचं म्हणाल तर, काम नसणं हाच गुन्हा होता. काम न करणाऱ्याला 'परजीवी' ठरवून शिक्षा होई.

"शास्त्रशुद्ध आहार." हा त्या सरकारचाच शब्द आहे, फॉरवर्डने तो जशाच्या तसा उचललाय. देशात अन्न उरलं नाही तेव्हा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने सांगितलं की तुम्ही फार खाता, आता शास्त्राप्रमाणे खा. ब्रेड, तेल, साखर यांचं रेशन लागलं. डुकराचं चांगलं मांस परदेशी जाई आणि देशात खूर राहत. लोकांनी त्या खुरांना नाव ठेवलं होतं 'आदिदास'. कॉफीच्या नावाखाली ओट वगैरे मिसळलेली पूड मिळे, तिला 'नेकेझोल', म्हणजे घोड्यासारखं खिंकाळायला लावणारी. पहाटे अंधारात, दुकानात काय येणार हे माहीत नसताना, लोक रांग लावून ठेवत. रांगेत उभी असायची ती बहुतेक बाई. कारखान्यातली पाळी करून, रांग धरून, घरी जाऊन स्वयंपाक करणारी. तिच्याकडून पाच मुलांची अपेक्षा होती.

"कर्ज फेडलं." फेडलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते दहा अब्ज डॉलरच्या आसपास होतं, एप्रिल 1989 मध्ये ते फिटल्याचं जाहीर केलं. 1970 च्या दशकात तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकलचे प्रचंड कारखाने काढण्यासाठी ते घेतलं होतं. पुढे तेल महागलं, व्याज वाढलं आणि हिशेब कोसळला. मग अन्न, इंधन, जे विकता येईल ते विकलं. माणसंसुद्धा. रोमानियातल्या जर्मन वंशाच्या लोकांना देश सोडू देण्यासाठी पश्चिम जर्मनीकडून डोईगणिक पैसे घेतले, आणि त्या व्यवहारात दोन लाखांहून जास्त माणसं गेली. कर्ज फिटल्यावर तरी दुकानं भरायला हवी होती. डिसेंबरपर्यंत ती रिकामीच होती.

"टीव्ही दोन तास, म्हणून घरात संवाद." 1985 पासून दुसरी वाहिनी बंद झाली आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री दोन तास कार्यक्रम उरले, त्यातही बरीच जागा नेत्याच्या भाषणांना आणि दौऱ्यांना. लोकांनी काय केलं? देशाच्या दक्षिणेकडच्यांनी गच्चीवर अँटेना चढवून तोंड बल्गेरियाकडे वळवलं आणि टीव्ही समजावा म्हणून बल्गेरियन शिकले. पश्चिमेकडच्यांनी युगोस्लाव्हिया धरला. ज्या देशात घरात टंकलेखन यंत्र ठेवायचं तर 1983 पासून दरवर्षी ते मिलिशियाकडे नेऊन त्याच्या अक्षरांचा नमुना नोंदवावा लागे, त्या देशात माणसं जेवताना मोकळेपणाने बोलत असतील असं ज्याला वाटतं, त्याने खबऱ्यांच्या भीतीत जगलेल्या एखाद्या माणसाची आठवण वाचावी. आईबाप मुलांना सांगून ठेवत, घरातलं शाळेत बोलायचं नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, पाश्चात्त्यांचा कट. चाउशेस्कूचा खटला तासाभरात उरकला आणि 25 डिसेंबर 1989 ला तिर्गोविश्तेमध्ये त्याला व त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. तो खटला न्यायाला धरून नव्हता, हे मी मान्य करते. त्या दिवसांतल्या पुष्कळ गोष्टींवर अजून वाद चालू आहेत, आणि मेलेल्या हजाराहून जास्त माणसांच्या घरच्यांना अजून पुरतं उत्तर मिळालेलं नाही. पण उठाव कोणी केला ते स्पष्ट आहे. पश्चिमेला तर हा नेता कितीतरी वर्षं लाडका होता, कारण 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या सोव्हिएत फौजांचा त्याने उघड निषेध केला होता. तो एक दिवस त्याच्या लोकांनाही त्याचा अभिमान वाटला, हेही खरं. पुढे नोव्हेंबर 1987 मध्ये ब्राशोव्हच्या ट्रक कारखान्यातले कामगार पगारकपातीविरुद्ध रस्त्यावर आले. डिसेंबर 1989 मध्ये तिमिशोआरात एका पाद्र्याला घरातून हुसकावण्याविरुद्ध लोक जमले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. 21 डिसेंबरला बुखारेस्टच्या चौकात, सरकारनेच जमवलेल्या गर्दीने नेत्याचं भाषण थांबवलं. त्या चौकात जी वीस-बावीस वर्षांची पोरं होती त्यांना रोमानियात 'देक्रेत्सेई' म्हणतात, हुकूमनाम्याची मुलं. 1967 आणि 1968 मध्ये जन्मलेली. फॉरवर्ड ज्या दुप्पट जन्मांचा गौरव करतो, ते हेच.

आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी तिला तारीख सांगितली. चाउशेस्कू 25 डिसेंबरला गेला. दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, नव्या सरकारने जुने कायदे रद्द करायचा पहिला आदेश काढला. रस्त्यावर अजून रणगाडे होते, शवागारात जागा नव्हती, देशात पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्या पहिल्याच आदेशात हुकूमनामा 770 रद्द झाला. तिथल्या बायकांनी आणि डॉक्टरांनी त्याला सन्मान मानलं असतं, तर तो घालवायची एवढी घाई कुणी केली नसती. हे उत्तर तिने सासरच्या ग्रुपवर टाकलं आहे, माझ्या नावानिशी. चुलत सासऱ्यांना आणखी काही विचारायचं असेल तर माझा नंबर तिच्याकडे आहे.